तळ्यावर थांबलेला ठिपका

मित्रांनो, माझ्या अंगावर लाल कापडाचे आवरण आहे आणि त्यावर पांढऱ्या दोऱ्याने शिवले आहे, 'माझ्यावर काही ठेवू नये'. ते वाचून नव्या माणसाला वाटते, हा कोणी मोठा मानकरी दिसतो. तसे काही नाही. मी एक जुना ठावठिकाण्याचा डबा आहे. पूर्वाश्रमी तर मी दुकानातला खोकल्याच्या गोळ्यांचा मोठा पसरट डबा होतो. गोळ्या संपल्या, खोकलाही गेला, आणि मी एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर खिळे सांभाळत बसलो होतो. तिथून मी विमानात कसा गेलो आणि माझ्या एका शब्दाने एका घराचा जीव कसा कंठाशी आला, ते सांगतो.

त्या दुरुस्तीवाल्याला घरात सगळे 'खुडबुड्या' म्हणत. हे नाव त्याच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, तो सहा वर्षांचा असताना ठेवले होते. त्याने घड्याळ उघडले होते आणि ते पुन्हा बंद करताना तीन चाके उरली होती. ताई कपडे शिवते. तिच्या गळ्यात मोजपट्टी कायम असते आणि माप घेतल्याशिवाय ती कोणाच्या बोलण्यावरही कात्री चालवत नाही. ताईचे यजमान दातांचे डॉक्टर. त्यांना विमान चालवण्याचे वेड. दोन माणसांचे एक छोटे जुने विमान त्यांनी जिवापाड जपले होते. "आठवडाभर लोकांच्या तोंडात वाकून बघतो, रविवारी तरी मान वर करून बघू दे," असे ते म्हणत.

ताईची हरकत उडण्याला नव्हती. ते परत येईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागे, याला होती. एका रविवारी ढग आले म्हणून डॉक्टर दुसऱ्याच धावपट्टीवर उतरले आणि तिथल्या मंडळींशी गप्पा मारत बसले. घरी फोन करायचे राहून गेले. तीन तासांनी शीळ घालत घरी आले, तेव्हा ताई दारातच उभी होती.

"यापुढे तुम्ही कुठे आहात ते मला घरी दिसलं पाहिजे," ती म्हणाली. "नाहीतर ते विमान विकून टाका."

खुडबुड्याकडे हौशी रेडिओचा परवाना होता. अशी मंडळी परीक्षा देतात, घराच्या गच्चीवर तारा लावतात आणि लांबलांबच्या लोकांशी बोलतात. त्याने खिळे ओतून मला रिकामे केले. माझ्या पोटात एक छोटा रेडिओ, एक बॅटरी आणि बोटभर मेंदू बसवला आणि झाकणावर एक काळी चकती चिकटवली. ती आकाशातल्या उपग्रहांकडे बघून मी कुठे आहे ते काढते. मग मी रेडिओवर एकच टर्र करतो. तेवढ्यात सारे येते: मी इथे आहे, इतक्या उंचीवर आहे, या दिशेने चाललो आहे. टेकड्यांवर आणि गच्च्यांवर हौशी लोकांनी लावलेली केंद्रे ते ऐकतात, पुढे पाठवतात आणि घरच्या संगणकावर नकाशात एक लाल ठिपका उमटतो. मी त्यांच्या विमानातून बोलणार, म्हणून डॉक्टरांनाही त्या परवान्याच्या परीक्षेला बसावे लागले. ते दुसऱ्या खेपेला पास झाले. पहिल्या खेपेबद्दल घरात कोणी बोलत नाही.

विमानात माझी जागा ठरवणे सोपे नव्हते. पहिल्यांदा मला सीटखाली ठेवले, तर चकतीला आकाशच दिसेना. मग पुढच्या काचेशी ठेवले. तिथे मला फार ऐटीत वाटत होते. पण विमानांची दुरुस्ती बघणाऱ्या मिस्त्रीबाई आल्या, त्यांनी होकायंत्राकडे पाहिले आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हा पत्रा होकायंत्राजवळ कोणी ठेवला? सुई बघा कुठे चाललीय!"

"मी ठेवला," खुडबुड्या म्हणाला. "थोडीशीच सरकलीय."

"तुमच्या दुकानात थोडंसं चालतं. वर थोडंसं म्हणजे दुसरं गाव. आणि ऐका, या विमानात टाचणी ठेवायची झाली तरी मला विचारायचं. याची वायर विमानाच्या वायरीला लावायची नाही. स्वतःच्या बॅटरीवर चालत असेल तर ठेवा, नाहीतर घरी न्या."

शेवटी मला दोन्ही सीटच्या मागच्या फळीवर जागा मिळाली. वर मागची काच होती, त्यामुळे आकाश दिसे. तिथेही मी बोललो की डॉक्टरांच्या हेडफोनमध्ये टर्र वाजे आणि ते दचकत. खुडबुड्याने माझी अँटेना दुसऱ्या बाजूच्या काचेला हलवली, तेव्हा ते थांबले. शिवाय सुरुवातीला मी दर दहा सेकंदांनी बोलत होतो. उंचावरून हळू बोललेलेही फार लांब ऐकू जाते, मित्रांनो. माझ्या बडबडीत डोंगराअलीकडच्या आणि पलीकडच्या सगळ्यांचे बोलणे बुडून गेले आणि हौशी मंडळींनी खुडबुड्याला चांगलेच फैलावर घेतले. मग त्याने माझा आवाज कमी केला आणि मला दोन मिनिटांतून एकदाच बोलायला शिकवले.

आणखी एक गोष्ट त्याने तेव्हा शिकवली. चकतीला आकाश दिसले नाही, तर मी शेवटचे माहीत असलेले ठिकाणच पुन्हा सांगायचे. हे त्याने कोणाला सांगितले नाही. त्याला ती शहाणपणाची गोष्ट वाटली होती.

ताईने संगणक शिलाई मशीनच्या शेजारी ठेवला. रविवारी ती काजे करता करता ठिपक्याकडे बघे आणि मधूनच मोजपट्टी पडद्याला लावून तो किती सरकला ते मोजे. "दीड इंच गेले," असे स्वतःशीच म्हणे आणि पुन्हा सुईत दोरा ओवी. पहिल्याच महिन्यात तिने नवऱ्याशी एक करार केला: ठिपका वाटेत थांबला की उडणे थांबले, कायमचे. डॉक्टरांनी हसत हसत मान्य केले. माझे त्या काळात फार कौतुक झाले. ताई तर मला 'गुणी बाळ' म्हणे. पत्र्याच्या डब्याला याहून काय हवे?

पुढे एका रविवारी डॉक्टर लांबच्या गावी निघाले. तिथल्या त्यांच्या मित्राला दातांचे साचे हवे होते. त्यांनी शेजारची सीट साच्यांच्या खोक्यांनी भरली, म्हणून ताईने दिलेला स्टीलचा जेवणाचा डबा त्यांनी मागच्या फळीवर, माझ्याशेजारी ठेवला. पाऊण तासाने एक मोठे तळे लागले. हवा शांत होती. डॉक्टरांना भूक लागली. त्यांनी मागे हात घालून डबा घेतला, मांडीवर ठेवून अर्धा संपवला, झाकण लावले आणि न बघता हात मागे नेऊन तो परत ठेवला. तो बरोबर माझ्या चकतीवर बसला.

माझ्यापुरता अंधार झाला. आकाश गेले. दोन मिनिटे झाली आणि बोलायची वेळ आली. मी शिकवल्याप्रमाणे बोललो: मी इथे आहे, तळ्यावर आहे. पुन्हा दोन मिनिटांनी तेच. विमान पुढे चालले होते आणि मी मात्र तळे सोडायला तयार नव्हतो. आपण काही चूक करतो आहोत, असे मला जराही वाटले नाही. उलट वाटले, एवढ्या अंधारातही मी काम बंद ठेवले नाही.

घरी काय चालले होते ते मला नंतर कळले. ताईने मोजपट्टी लावली, ठिपका हलला नव्हता. पुन्हा लावली, तरी नाही. संदेश तर दर दोन मिनिटांनी येत होते. उडते विमान एका जागी उभे राहत नाही, हे कळायला पायलट व्हावे लागत नाही. तिने भावाला फोन केला. तो दुकान उघडे टाकून धावत आला.

"ताई, घाबरू नकोस," तो म्हणाला, आणि पडद्याकडे बघून स्वतःच खुर्चीत बसला.

"ते पाण्यात पडलेत," ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "विमान बुडतंय आणि तुझा डबा ओरडतोय. मी धावपट्टीवर फोन केला. ते रेडिओवर हाका मारतायत, पण उत्तर नाही म्हणे."

उत्तर नव्हते, कारण डॉक्टरांनी तोवर पुढच्या गावाशी बोलण्यासाठी विमानातल्या रेडिओचा चॅनेल बदलला होता. पण हे त्या दोघांना कसे कळावे? खुडबुड्याने नकाशा बाजूला केला आणि माझे संदेश कोणकोणत्या केंद्राने ऐकले त्याची यादी उघडली. तिच्यावरून तो बोट फिरवू लागला.

"ताई, हे बघ. पहिला संदेश तळ्यामागच्या टेकडीने ऐकला. हा पुढचा नदीकाठच्या पाण्याच्या टाकीवरून आला. आणि हा आत्ताचा डोंगरापलीकडच्या केंद्राने ऐकलाय."

"मग?"

"अगं, तळ्यात पडलेल्याचं बोलणं डोंगरापलीकडे जाईल कसं? तो वर आहे! वर आहे आणि पुढे चाललाय. भाऊजी ठणठणीत आहेत. माझा डबाच शिळं सांगतोय."

ताईने डोळे पुसले नाहीत. ती त्या यादीकडे बघत राहिली. नव्या केंद्राचे नाव आले की ती मान हलवी. तासाभराने फोन वाजला आणि डॉक्टरांचा आनंदी आवाज आला, "पोचलो गं!"

"बरं झालं," ती म्हणाली. "सावकाश परत या. मग बोलू."

संध्याकाळी विमान ठेवायच्या हँगरमध्ये चौघे माझ्याभोवती उभे राहिले. खुडबुड्याने मला उघडून तपासले, सगळे ठीक होते. परतीच्या वाटेवर तर मी अचूक बोललो होतो. मग मिस्त्रीबाईंनी माझे झाकण उजेडात धरले.

"हे तेलाचं गोल वळं कसलं?"

ताईने गळ्यातली मोजपट्टी काढून ते मोजले. मग परतताना मोकळ्या झालेल्या शेजारच्या सीटवर ठेवलेला जेवणाचा रिकामा डबा आणला आणि त्याचा तळ मोजला. दोन्ही पावणेसहा इंच. डॉक्टरांचे तोंड दात काढायला आलेल्या पेशंटसारखे झाले. त्यांनी खिशातून विमानाची किल्ली काढली आणि ताईच्या हातात ठेवली.

"करार तो करार," ते म्हणाले.

ताईने किल्ली घेतली, पण बघितले भावाकडे. "याला दिसत नव्हतं, तर यानं 'दिसत नाही' असं का नाही सांगितलं?"

"मीच तसं शिकवलं," खुडबुड्या खाली बघत म्हणाला. "नकाशा रिकामा दिसला तर तू घाबरशील, असं वाटलं मला."

"रिकामा दिसला असता तर मी काळजी केली असती. काळजीची मला सवय आहे रे. पण याने छातीठोकपणे सांगितलं की तळ्यावर आहे, आणि मी यांना गेलेलं धरलं. पाऊण तास मी यांना गेलेलं धरलं होतं."

तिचा बांध तिथे फुटला. डॉक्टर तिच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. मला त्या वेळी प्रथमच माझी लाज वाटली.

चार रविवार किल्ली शिवणाच्या डब्यात पडून होती. त्या काळात खुडबुड्याने मला नवे शिकवले: दिसत असेल तेव्हाच ठिकाण सांगायचे, नाहीतर 'मी चालू आहे, पण कुठे आहे ते माहीत नाही' एवढेच बोलायचे. ताईने माझे माप घेऊन हे लाल आवरण शिवले आणि चकतीपुरते वर्तुळ उघडे ठेवले. पाचव्या रविवारी तिने किल्ली काढली. डॉक्टरांनी हात पुढे केला, तशी तिने मूठ मिटली.

"आधी मला न्या. ठिपक्याच्या आत काय असतं ते मला एकदा बघायचंय."

ती शेजारच्या सीटवर बसली, जेवणाचा डबा दोन्ही हातांनी मांडीवर धरून. तळे आले तेव्हा तिने काचेतून खाली पाहिले. मग म्हणाली, "एवढंसं आहे होय! घरी मला हे केवढं मोठं वाटलं होतं." मी दर दोन मिनिटांनी बोलत होतो. घरच्या नकाशावर ठिपका सरकत होता, आणि शिलाई मशीनशेजारी तो बघायला त्या दिवशी कोणीच नव्हते.

पुढे डॉक्टरांची नजर अधू झाली. त्यांनी उडणे सोडले आणि विमान दुसऱ्याकडे गेले. मी दोन वर्षे अडगळीच्या खणात पडलो होतो. पोटात बॅटरी तशीच राहिली, ती पाझरली आणि माझे दोन सांधे खाऊन गेली. खुडबुड्याने मला घासूनपुसून वाचवले, पण आता माझा आवाज जेमतेम गल्लीपर्यंत जातो. म्हणून मित्रांनो, एवढे मागतो की वस्तू ठेवून देताना तिची बॅटरी काढून ठेवा. आणि घरी कोणी तुमची वाट बघत असेल, तर आपला पत्ता कळवत राहा. माहीत नसेल तेव्हा माहीत नाही म्हणा. ते ऐकून माणूस काळजी करतो. शिळी गोष्ट ताजी म्हणून ऐकली, तर तो हायच खातो. हे मी पुस्तकात वाचलेले नाही, माझ्या हातून घडलेले आहे.

सध्या मी ताईच्या शिलाई मशीनवरच्या फळीवर असतो. तिथे दाटी फार आहे. बटणांच्या बरण्या, कात्र्या, कापडाचे तुकडे एकमेकांवर रचलेले असतात. ताईचे हात आता थरथरतात आणि वस्तू ठेवायला तिला जागा शोधावी लागते. तरी ती माझ्यावर दोऱ्याचे रीळसुद्धा ठेवत नाही.