चोरासाठीचा फोन

“फोन काढ!” माझ्या बायकोने, इवानीझीने, कालथ्याचा दांडा स्वतःच्या आईच्या बरगडीला टेकवला.

माझ्या सासूबाईंनी घाईघाईने डाव्या खिशात हात घातला.

“अगं आई, डावा नाही! डाव्यात चांगला, उजव्यात चोराचा. किती वेळा सांगू?”

“चोराचा फोन माझ्या खिशात कशाला, पोरी?”

“त्याला द्यायला!”

“आणि चार्ज पण मीच करायचा?”

“बंद फोन दिला की ते चिडतात.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. आमच्या शहरातल्या बोआ व्हियाजें किनाऱ्यावर जाणारे बरेच जण असा एक भंगार फोन जवळ बाळगतात. मी इथल्या एका चौदा मजली इमारतीचा पहारेकरी. तळमजल्यावरची खोली आमची. लिंदाउराबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आल्या होत्या आतल्या दुष्काळी मुलखातून. एकतीस वर्षं शाळेत मुलांसाठी चुलीवर रांधलं, समुद्र कधी पाहिला नव्हता. पाच महिन्यांपूर्वी सासरे गेले, म्हणून इवानीझीने त्यांना आणलं आणि आयुष्यातला पहिला स्वतःचा फोन घेऊन दिला. चोरासाठी निघाला तो सासऱ्यांचा जुना, काच तडकलेला फोन.

दुपारी मी त्यांना वाळूवर नेलं. नियम त्या बोटांवर मोजत होत्या. अंगठी घरी. खडकांच्या रांगेपलीकडे पाण्यात जायचं नाही, शार्क आहेत. अनोळखी माणसावर विश्वास ठेवायचा नाही.

एवढ्यात शेजारच्या छत्रीखालची बाई आपली पर्स सासूबाईंच्या मांडीवर ठेवून म्हणाली, “ताई, जरा लक्ष ठेवा हं,” आणि पाण्यात पळाली.

“ही कोण?” सासूबाई हबकल्याच.

“मला काय माहीत? इथे असंच करतात.”

“तिला तिच्या मुलीने काही शिकवलं नाही का?”

ती परत येईपर्यंत त्यांनी पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. मग नीट पाठ करायला म्हणून दोन्ही फोन काढून उजवा-डावा करत बसल्या. जुन्यावर कुठेतरी बोट लागलं आणि आवाज आला.

“लिंदाउरा, टँकर भरला. सहाच्या आत येतो. कॉफी ठेव.”

एवेराल्दो. माझे सासरे, पाण्याचा टँकर चालवायचे. मागे टँकरचं इंजिन घरघरत होतं. सासूबाईंकडे फोन नसायचा, म्हणून ते या फोनवरून शेजारणीच्या फोनवर निरोप बोलून पाठवायचे. ती शेजारीणही गाव सोडून गेली होती. आवाज उरला होता तो फक्त या डबड्यात. सासूबाईंनी पुन्हा बोट लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मला तिथे बसवेना. मी शहाळं आणायला उठलो.

परत आलो तर त्या रस्त्याकडेच्या कट्ट्याजवळ उभ्या होत्या आणि एक सायकलवाला भरधाव निघून जात होता. माझ्या हातातलं शहाळंच पडलं.

“लागलं का कुठे, आई?”

“नाही रे. फोन काढ म्हणाला. काढला.”

“कुठला?”

त्यांनी मूठ उघडली. तडकलेली काच.

घरी इवानीझी नुसती कडाडली. “अजून सहा हप्ते बाकी आहेत त्याचे! सकाळी पाच वेळा शिकवलं, उजवा म्हणून!”

“गोंधळले गं,” सासूबाई म्हणाल्या.

“आणि हे डबडं सांभाळून आणलंस!”

त्यांनी ते खिशात ठेवलं. बायकोला तिच्या बापाचा आवाज त्यात आहे हे सांगायला हवं होतं, पण ते माझ्या तोंडून सांगायचं की सासूबाईंच्या, हे मला ठरवता येईना. आणि त्या खरंच गोंधळल्या होत्या का, तेही मला कळेना. अजूनही कळलेलं नाही.

साडेपाचला त्या उठल्या आणि न विचारता कॉफी ठेवली. चार कप भरून मांडले.

“चौथा कोणाला, आई?” इवानीझीने विचारलं. तिचा राग जाऊन तिथे काळजी आली होती.

सासूबाईंनी कपांकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. “गोंधळले,” त्या हळूच म्हणाल्या आणि चौथा कप उचलून मोरीकडे निघाल्या.

मला ते बघवेना. “द्या इकडे, मला आज दोन कप लागणार आहेत,” म्हणून मी तो घेतला. त्यात चार चमचे साखर होती. मी बिनसाखरेची पितो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. उभ्यानेच सगळी प्यायलो, आणि सासूबाई समोर बसून कप रिकामा होईपर्यंत बघत राहिल्या.