पीटर म्हणजे दगड

मित्रांनो, मी एक जुना ग्रीक आहे. माझं नाव दोन हजार वर्षांपूर्वीचं, समुद्रापलीकडचं. मुक्काम पेडगाव, मनकर्णाबाईची विहीर. मी पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन आहे.

१९८१ साली सेलूहून आलो, तेव्हाच जुना होतो. टाकीवरचा रंग उडून तीन अक्षरं उरली होती : 'पिटर'. मनकर्णाबाई मला पीटर म्हणू लागली. सात हिवाळे मी तिचा गहू भिजवला.

आठव्या हिवाळ्यात व्यंकटराव गुरुजी पाणी प्यायला थांबले. म्हणाले, "हे नाव ग्रीक. पेट्रोस, म्हणजे दगड. जगभर पोरांना ठेवतात."

"पोराला दगड म्हनत्यात?" शेजारच्या वावरातला भुजंग हसला.

"तुझ्या काकाचं नाव काय?"

"धोंडिबा."

तेवढ्यात हुंकार आला. मित्रांनो, माझी टाकी कोरडी होती. मी हुंकारलो नव्हतो. माझ्या आतून कुणीतरी हुंकारलं.

दुसऱ्या दिवशी मला शेंदूर लागला. विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या वर्षांत आमच्या मराठवाड्यात नाव हा साधा विषय राहिला नव्हता. दगड ठरलो, म्हणजे देव झालो. पण हँडल मारताना माझ्या बैठकीवर पाय रोवावा लागतो. देवाला पाय कोण लावणार? पाणी थांबलं. गहू पोटरीत, ओंबी बाहेर पडायच्या बेतात होता, तो पिवळा पडू लागला.

मनकर्णाबाई रोज दुपारी समोर येऊन बसायची. शिवारात चिटपाखरू नसायचं. हुंकार यायचा, कधी विहिरीतून, कधी माझ्यातून. कुणाचा, ते मलाही कळायचं नाही.

नवव्या दुपारी तिनं टाकीत डिझेल ओतलं.

"वैनी, नगा," भुजंग धावत आला. "लय कडक हाय त्यो."

"पीटरबा, गहू जळायलाय माजा. पाय लावू का? नगं आसंल तर बोल."

हुंकार थांबला. पहिल्यांदाच. विहीरसुद्धा कान देऊन होती.

"गप हाय. म्हंजी हो हाय." तिनं पाय रोवला, हँडल मारलं. पाटाला पाणी लागलं. सुरू झालो तो मीच होतो का, सांगता येत नाही.

मित्रांनो, यंत्राची निगा राखा, एवढंच सांगायचं होतं. तेही माझ्यावर आधीच लिहिलेलं होतं. संध्याकाळी मनकर्णाबाईनं रॉकेलनं शेंदूर पुसला, तेव्हा उडालेली अक्षरं ओली होऊन उमटली. 'पिटर' नव्हतंच ते.

'फिल्टर साफ ठेवा.'