माजिवड्याची गारमाय

फाल्गुनातल्या भर दुपारी माजिवड्याच्या मिठागरांवर नजर ठरत नव्हती, आणि खाडीकाठच्या एका कुडाच्या झोपडीतून माणसं चक्क कुडकुडत बाहेर येत होती. कल्याण-डोंबिवलीची मंडळी आगगाडीने ठाण्याला उतरून उन्हातून पायपीट करत यायची. घामाने निथळत आत शिरायची, मूर्तीमागून येणारी गार झुळूक अंगावर घ्यायची आणि बाहेर येताना अंगावरचा पंचा घट्ट लपेटून घ्यायची.

"माय फुंकली! गारमाय फुंकली!" झोपडीच्या दारात बसलेला हिमनाथबाबा ओरडायचा. "हिमालयाच्या पोटातून आणली हो हिला! बारा वर्षं बर्फात उभा राहिलो, तेव्हा माझ्या झोळीत बसली! ताप ठेवा तिच्यापुढे, गारवा न्या घरी!"

बारा वर्षं बर्फात उभ्या राहिलेल्या या माणसाच्या पायाला एक भेगसुद्धा नव्हती. पण ते बघायला कोणाला फुरसत होती?

दारापाशी हातात सोटा घेऊन रांग सांभाळायचा काळुराम. मिठागराचा मुकादम, अंगाने आडदांड, झटकन रागावणारा. मायवर त्याची अपार भक्ती होती. एके दिवशी ठाण्याच्या सरकारी शाळेतले दौलत मास्तर रांगेत आले. मूळचे फलटणकडचे, अंगाने काटकुळे. आत जाऊन आले आणि शांतपणे म्हणाले, "मुकादम, मूर्तीच्या मागची भिंत ओली कशी? तिच्या मागे काय आहे?"

"मायचं माजघर हाय तिकडं. जो बघंल त्याचे डोले फुटतील."

"फुटू देत. मी बघतो."

मास्तरांनी दोन पावलं टाकली असतील नसतील, तोच काळुरामचा सोटा त्यांच्या खांद्यावर बसला. मास्तर चिखलात कोसळले. रांगेतली माणसं हसली.

चैत्र सरला आणि वारं फिरलं. डोंगराकडून येणारा कोरडा मतलई वारा थांबला, खाडीवरून खारा वारा सुटला. अंगावरचा घाम वाळेना, वाळत घातलेली धोतरं सादळलेलीच राहू लागली, मिठागरात मीठ धरेना. आणि मायच्या झोपडीत शिरावं तर वाफाळत्या मोदकपात्रात शिरल्यासारखं होऊ लागलं.

लोक कुजबुजू लागले. हिमनाथाने डोळे फिरवले. "माय रुसली आहे! गावातल्या कुणीतरी तिचा श्वास बांधलाय!"

त्याच आठवड्यात मिठागरात राबणाऱ्या भिवाच्या लेकीला, शकूला ताप भरला. आठ वर्षांची पोर. हिमनाथाने तिला झोपडीत निजवलं, दार लावून घेतलं आणि बजावलं, "पाण्याचा थेंब द्यायचा नाही. पाणी पाजलं की माय पळते." पोर आतून पाणी पाणी करत राहिली. भिवा दाराबाहेर हात जोडून बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तेव्हा शकू गेलेली होती.

भिवाने मान वळवून हिमनाथाकडे पाहिलं. त्या नजरेने बाबाचा रंगच उडाला आणि त्याने घाईघाईने बोट दाखवलं, "काल त्या विधवेने कुडाच्या फटीतून पोरीला पाणी पाजलं! चेटकीण आहे ती! तिनेच मायचा श्वास बांधला!"

ती विधवा म्हणजे तुळसा. काळुरामची सख्खी बहीण.

ओरडा ऐकून काळुराम मिठागरातून धावत आला, तेव्हा तुळसाला खाडीकाठच्या भेंडीच्या जाड बुंध्याला बांधलेलं होतं. कपाळ फुटलं होतं. डाव्या कानातून रक्त ओघळत होतं. समोर भिवा, हातात दगड. ज्या माणसांची रांग काळुराम रोज लावायचा, तीच माणसं होती ही.

"माझी बहीण हाय रं ती!" तो मधे घुसला. कुणाची तरी काठी त्याच्या पाठीत बसली, दुसरी मानेवर. तो गुडघ्यावर आला. हिमनाथ नाचत होता, "मारा! तिचं रक्त सांडलं की माय परत फुंकेल!"

तेवढ्यात भिवाचा दगड सुटला. पण तो तुळसाला लागलाच नाही. गर्दी कापत आलेले दौलत मास्तर तिच्यापुढे हात पसरून उभे राहिले होते. दगड त्यांच्या तोंडावर बसला, दोन दात पडले. ते हलले नाहीत.

तुळसाने कशीबशी मान वर केली. "दादा... कुडामागं बघ. पोरीला पाणी देताना मी पाहिला. आत माणूस हाय."

काळुराम उठला. फुटतील तर फुटोत डोळे, असं त्याच्या मनात आलं आणि दुसऱ्याच क्षणी ते मनातूनही गेलं. त्याने पहार उचलली आणि झोपडीच्या मागच्या कुडावर घातली. दुसऱ्या घावाला बाहेरचा कूड आडवा झाला.

आत हिमालय नव्हता. वाळ्याचे जाड पडदे होते, काळे पडलेले, कुजका वास मारणारे. पाण्याचे रांजण होते. आणि हातात तांब्या धरलेला हिमनाथाचा चेला पोपट होता.

काळुरामने त्याची मानगूट धरून त्याला गर्दीसमोर आपटलं. पोपट रडतच बोलू लागला, "मी काय करू? फाल्गुनात थोडं पाणी मारलं तरी गार व्हायचं! आता रांजणच्या रांजण ओततो, तरी काय बी होत नाय!"

मास्तरांनी तोंडातलं रक्त थुंकलं.

"आमच्या फलटणला वैशाखातही असे पडदे लावतात, तिथली हवा तेव्हाही कोरडीच असते," ते अडखळत बोलू लागले. "पाणी वाळताना गारवा देतं. फाल्गुनात डोंगराकडचा कोरडा वारा या पडद्यांतून यायचा, पाणी शोषायचा आणि थंड होऊन आत शिरायचा. आता हवाच ओली आहे. पाणी वाळणार कसं? तुमच्या अंगावरचा घाम वाळतो का? आगरात मीठ धरतं का?"

"नाय धरत," कुणीतरी हळूच म्हणालं.

"मग तेही तुळसाने बांधलं? अहो, वारं फिरलंय! मायही नाही आणि चेटूकही नाही. आणि त्या तापलेल्या पोरीला तुम्ही कोंडलंत, ते या दमट भट्टीत. तुळसाने फटीतून दिलेल्या घोटाखेरीज पाणी नाही."

भिवाच्या घशातून जनावरासारखा आवाज निघाला. तो हिमनाथावर तुटून पडला. त्याच्या मागे सगळी गर्दी. बाबाचा हात मोडल्याचा आवाज काळुरामने ऐकला आणि पहार घेऊन तोही पुढे झाला. पहार वर गेली होती.

"दादा, थांब!" मास्तरांनी दोर सोडलेली तुळसा झाडाला धरून उभी होती. "मेला तर सांगणार कोण, आणखी कुठं कुठं पोरं मारली ती? फौजदाराकडं ने त्याला. जित्ता ने."

काळुरामची पहार खाली आली. बाबाच्या अंगावर नाही, जमिनीवर; मग त्याने हातांनी गर्दी मागे रेटली.

फौजदाराने हिमनाथाला आणि पोपटाला नेलं. तुळसाचा डावा कान कायमचा गेला. कपाळाची जखम भरायला पावसाळा उजाडला.

एके संध्याकाळी भिवा तिच्या अंगणात आला. मास्तर तिथेच बसले होते. जमिनीकडे बघत तो म्हणाला, "मास्तर, माझी पोर वाचली असती काय?"

"खोटं नाही सांगणार," मास्तर म्हणाले. "खात्री नाही. पण पाणी पाजलं असतंत, मोकळ्या हवेत ठेवली असतीत, डॉक्टरकडे नेली असतीत, तर वाचायची संधी होती. बाबाने ती संधी हिरावून घेतली, आणि तुम्ही सगळ्यांनी त्याला हिरावू दिली. जो म्हणतो मागे बघू नका, त्याच्या मागे आधी बघायला हवं होतं."

भिवा तुळसाकडे वळला. त्याने तिच्यापुढे हात जोडले.

तुळसाने ऐकायला उजवा कान त्याच्याकडे केला आणि मग स्वतःच बोलली.

"यापुढं आधी इचार करत जा, भिवा. दगड काय, मागनं बी सापडतो."