आखजीचा घास

विलायतेला कापूस पुरेना म्हणून अमरावतीत त्या वर्षी कापसाला सोन्याचा भाव आला होता. माणसं तर माजलीच, पण उंदीरही माजले. मैनाबाई माळणीच्या घराशेजारी, गावाच्या परकोटाच्या भिंतीला लागून, एका व्यापाऱ्याने सरकीचे ढीग घातले होते, त्यावर ते पोसले. उंदरांमागून लहानखुऱ्या ससाण्यांचं एक जोडपं आलं आणि परकोटाच्या खबदाडात त्याने संसार थाटला.

भाजीची पाटी रिकामी करून आली की मैनाबाई ओट्यावर बसून त्यांना बघत राही. नर हवेत जागच्या जागी पंख फडफडवत थांबे, मग धप्पकन खाली येऊन उंदीर उचली. मादी महाखाष्ट. कावळा दिसला की त्याला वेशीपार पिटाळून यायची. “बाई असावी तं अशी,” मैनाबाई म्हणे. तिचा जीवच जडला होता त्या पाखरांवर.

पण आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या पितरांच्या सणाला, हाच खाष्टपणा अंगाशी आला. नवरा गेल्यानंतरची ही पहिली आखजी. त्याच्या नावाचा घास छपरावर ठेवला होता: पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरडई. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही, आणि मादी तर एकाही कावळ्याला टेकू देईना. दुपार कलली. सातव्या महिन्याची गरोदर सून सुभद्रा भुकेने भिंतीला टेकून बसली.

शेवटी मुलगा सूर्यभान शिडी घेऊन आला. “घरटंच काढून फेकतो.”

“अरे, तीन पिल्लं हायेत त्यात!” मैनाबाईने शिडी धरून ठेवली.

“अन् माहा बाप उपाशी हाये, त्याचं काय?”

तिने डोळे पुसले आणि शिडी सोडली.

सूर्यभानने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तोच छपराच्या कवेलूंवरून एक उंदीर तुरुतुरु आला आणि पुरणपोळीला भिडला. नर वरून कोसळला. पत्रावळ उलटली, रस सांडला, आणि उंदरासकट पोळीचा लचका घेऊन तो पिल्लांकडे गेला.

“शिवला,” मैनाबाई म्हणाली.

“माय, थो कावळा नोहोता!”

“मले नको शिकवू. तुहा बाप पयला घास सोता कधी खात होता काय रे? उचलून तुह्याच तोंडात घाले.”

सूर्यभान शिडीवरून उतरला आणि लहान पोरासारखा रडला. मैनाबाईने सुनेला पहिलं पान वाढलं.