गल्लीचं रडणं

"डोळे मिटू नका काकू, दोनच थेंब," रंगभूषा करणारी मुलगी म्हणाली. पाउलीनाने तिचा हात बाजूला सारला.

"कसले थेंब?"

"ग्लिसरीन. पाणी येतं त्यानं. ट्रक निघाला की सगळ्यांनी रडायचंय."

पाउलीना गावच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. तेवीस वर्षं मान खाली घालून राबलेली बाई. ब्रातिस्लाव्हाहून सिनेमावाले आले, महायुद्धात या गल्लीतल्या ज्यूंना ट्रकमध्ये घालून छावणीत कसं नेलं ते दाखवायचं म्हणाले, आणि गल्लीतल्याच बायकांना शेजारणी म्हणून उभं केलं. समोर त्या नेलेल्यांपैकीच ग्रुनवाल्ड शिंप्याचं घर. सिनेमासाठी त्यात पूर्वीसारखं पलंग, पिसांची दुलई, शिवणयंत्र मांडलेलं. म्हातारी हावरिलोवा तर थेंब पडायच्या आधीच हुंदके देत होती. ते पाहून पाउलीनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती तडक दिग्दर्शकाकडे गेली. पोरगेलासा, सभ्य माणूस.

"साहेब, त्या दिवशी कोणी रडलं नाही. ट्रक वळणावर पोचायच्या आत आम्ही त्यांच्या घरात शिरलो होतो. माझ्या आईनं दुलई उचलली. दुसरं टोक मी धरलं."

"तोंड आवर, पाउलीना," हावरिलोवा मागून म्हणाली. "आम्हाला काय वाईट वाटलं नाही होय?"

"वाटलं ना. हात भरलेले होते, म्हणून डोळे पुसता आले नाहीत."

दिग्दर्शकाने चष्मा काढून पुसला. "मला पटतं हो काकू. पण असं दाखवलं तर वरचे लोक सिनेमा डब्यात घालतील. तुम्ही रडू नका. नुसत्या उभ्या राहा."

नुसतं उभं राहणं तिला चांगलं जमायचं. शिंप्याची मुलगी एडिट शाळेत तिच्याच बाकावर बसायची, तरी तिला ट्रकमध्ये चढवताना पाउलीना नुसती उभीच राहिली होती. तिला या सगळ्यांची शिसारी आली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

कॅमेरा सुरू झाला. नट-नट्या ट्रकमध्ये चढल्या, ट्रक हलला, बायका रडू लागल्या. पाउलीना रांगेतून निघाली, रस्ता ओलांडून घरात शिरली आणि दुलई काखेत मारून बाहेर आली. कोणी तिला अडवलं नाही. दुलई कुंपणावर टाकून ती पुन्हा आत गेली, आणि शिवणयंत्र छातीशी धरून उंबऱ्यात आली.

हावरिलोवाचा हुंदका मध्येच तुटला.

"ते खाली ठेव," ती म्हणाली. "त्या दिवशी यंत्रावर मी आधी हात ठेवला होता. तुझ्या आईलाही ठाऊक होतं."

पाउलीनाने यंत्र खाली ठेवलं. बायकांचं रडणं थांबलं होतं. गल्लीत कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.