नऊ हात दोर

कौसल्याने दोराचं एक टोक बाभळीच्या बुंध्याशी धरलं आणि कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एकेक हात मोजत ती पुढे सरकली. दुसरं टोक ममताच्या डाव्या पायाला बांधलेलं होतं. सात वर्षांची ममता मातीत चिंचोके मांडत बसली होती. कौसल्या जवळ आली तशी पोरीने तिच्या बांगडीला बोट लावलं आणि हसली.

"पोलीसवाली हायेस काय वं?" शेजारच्या ओट्यावरून जमनाबाई ओरडली. "लालीले घाल मंग बेड्या. तांड्यातल्या बायाइचे चांदीचे कडे तं गेले, लोखंडाचे तरी भेटतीन!"

"पोलीस नाई, आजी. लेकराइच्या हापिसातून आली."

कौसल्या जिल्ह्याच्या बालसंरक्षण कार्यालयात कंत्राटावर होती. मुलांच्या छळाची तक्रार आली की घरी जाऊन खरंखोटं पाहायचं आणि अहवाल द्यायचा, हे तिचं पाच वर्षांचं काम. काल हेल्पलाइनवरून आलेली नोंद तिच्या पिशवीत होती : दारव्ह्यापलीकडच्या तांड्यावरची लालीबाई रूपसिंग आपल्या मुलीला जनावरासारखी बांधून ठेवते. डावा पाय. दोर नऊ हात. सकाळी दहा ते पाच. कळवणारी स्त्री, नाव सांगितलं नाही.

"खरं निघालं तर मुलगी बालगृहात," साहेबांनी निघतानाच सांगितलं होतं. "खोटं निघालं तर फाइल बंद."

तक्रार खरी तर दिसतच होती. पण कौसल्याने पायाची गाठ उकलून पाहिली, तेव्हा तिला खाली जुन्या ओढणीच्या चार घड्या सापडल्या. कातडीवर वळ नव्हता. दोरही बाजारातला नव्हता, लुगड्याच्या चिंध्यांची तीनपदरी वेणी होती. मग ती दोर ताणून बाभळीभोवती फिरली. पाण्याचं मडकं दोराच्या आत येत होतं. सकाळची सावली आत, भिंतीची दुपारची सावलीही आत. चूल वीतभर बाहेर. जीप जायचा रस्ता बाहेर. उतारावरची विहीर तर कितीतरी बाहेर.

पाच वर्षांत तिने दोर पाहिले होते, चटके पाहिले होते, पट्ट्याचे वळ पाहिले होते. असा दोर पाहिला नव्हता.

निरोप गेल्यावर लालीबाई शेतातून आली. कमरेला कापसाची ओटी तशीच होती. लहानखुरी बाई, कौसल्याच्या खांद्याला जेमतेम लागणारी. नवरा राजूरला कोळशाच्या ट्रकांवर, सणावारी घरी यायचा. स्वतःची पराटी, म्हणजे कपाशी, अळीने खाल्ली होती, म्हणून ती दुसऱ्याच्या शेतात वेचणीला जात होती.

"आधी आठ हात होता," कोणी विचारायच्या आत ती म्हणाली. "दुपारच्याले सावलीत पोचेच नाई छोरी. मंग धा केला, तं चुलीत हात घातला तिनं."

"शेतात काहून नेत नाई?"

"झटके येतेत तिले. फवारलेल्या पराटीत पडली तं? अन् मालक म्हनते, पोरगी आनशीन तं तू बी येऊ नोको."

कौसल्याने वही उघडली. तिच्या हाताने दोर आठ हातही पुरता भरला नव्हता. नोंदीत मात्र नऊ होते. तिने दोर लालीबाईपुढे धरला.

"तुमी मोजा बरं."

लालीबाईने आपल्या आखूड हाताने मोजला. नऊ. बोटभरही कमी नाही, जास्त नाही.

कौसल्याने वहीवरून मान वर केली. "फोन तुमीच केलता?"

लालीबाई ओटीतला कापूस दाबत राहिली.

"सांगा नं, लालीबाई."

"कोन करन मंग?" ती म्हणाली. "तीन डाव अर्ज देल्ला. अपंगाच्या दाखल्याचा, गोळ्याइचा. कोनी आलं? खालच्या गावचा बाबाराव औषद पेला, तं दुसऱ्याच दिशी तीन जीपा आल्या. आमाले समजलं बाई, वाईट झाल्याबिगर सरकार येत नाई."

"पन पोरगी घेऊन गेले असते तं?"

"गेल्या अमावस्येले गाठ सुटली. विहिरीच्या काठावर सापडली." तिने ममताकडे पाहिलं. "नेली असती तं जिती तं राह्यली असती. मी म्हटलं, याडीले, मायले, शिव्या पडतीन, पडू द्या."

या बाईने स्वतःला गुन्हेगार ठरवून दाराशी माणूस आणला होता, आणि त्या माणसाने तपासावं म्हणून मापही बिनचूक दिलं होतं.

तिने फॉर्म मांडीवर घेतला. छळ झाला : होय किंवा नाही. 'होय' लिहिलं तर पोरगी जाणार. 'नाही' लिहिलं तर निनावी तक्रार साहेब एका सहीने मिटवणार आणि या दारात पुन्हा कोणी येणार नाही.

"नाई लिवू नोका," लालीबाई म्हणाली. जणू कागद तिला वाचताच येत होता.

"होय लिवलं तं पोरगी जाईन." कौसल्याने 'नाही'वर खूण केली आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं : मूल आईजवळच राहावे. 'कुटुंबाची गरज' यापुढे दीड ओळ मोकळी होती. तिथे तिने लिहिलं : दहा ते पाच, सांभाळायला एक माणूस. झटक्यांच्या गोळ्या. दाखला घरी येऊन.

"आता आयका. निनावी तक्रार मिटते. नाव असलं तं तक्रारवालीले आयकल्याबिगर साहेबाले फाइल बंद करता येत नाई. नाव देता?"

"माह्यंच?"

"तुमचंच."

जमनाबाई खुदकन हसली. "घ्या! चोर बी लाली अन् फिर्यादी बी लाली!"

"देते," लालीबाई म्हणाली.

कौसल्याने शाईचा पॅड काढला. 'ज्यांच्याविरुद्ध तक्रार' या रकान्यात लालीबाईने अंगठा दिला. मग वर 'तक्रारदार' या रकान्यात तोच अंगठा पुन्हा टेकवला, तितकाच घट्ट. कागदावर दोन ठसे उमटले, रेषेला रेष सारखी. वारा सुटला होता. लालीबाईने वाकून आधी एका ठशावर हळूच फुंकर घातली, मग दुसऱ्यावर.