टाकलेल्या कडव्याची कॅसेट

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. माझी फीत उलगडली, तर कळंबच्या चिंतामणीच्या देवळाला सात वेढे बसतील. बरं, तीन बसतील. रागावलेल्या म्हातारीला चार वेढे जास्तीचे माफ करा.

शाहीर खेमसिंग स्वतःच गाणी रचत, स्वतःच गात. यवतमाळपासून मुकुटबनपर्यंत त्यांचं नाव घराघरात होतं. नागपूरच्या एका स्टुडिओत त्यांनी कापसाचं गाणं गायलं, तेव्हा मी यंत्रात होते. चौथ्या कडव्यात कापूसच बोलतो : "पांढरं सोनं म्हणता मले, मंग काट्यावर पाय काहून ठेवता?"

वजनकाट्यावर हळूच पाय ठेवून माप मारणाऱ्यांना तो टोमणा होता. स्टुडिओच्या मालकांनी ते कडवं कापलं. म्हणे, व्यापारी नाराज होतील! बाजारात गेलं ते गुळगुळीत तीन कडव्यांचं गाणं. चौथं फक्त माझ्यात राहिलं. शिवाय शाहिरांचा खोकला, चुकलेला ताल आणि "अरे, पेटीवाला झोपला का?" ही हाकही.

मला कचऱ्यात टाकणार होते. पण यंत्र दुरुस्त करायला आलेल्या जफरमियाँनी मला मागून घेतलं. यवतमाळच्या बसस्टँडजवळ त्यांचं टेप दुरुस्तीचं दुकान होतं. खेमसिंगांच्या अशा टाकलेल्या कॅसेटी ते बिस्किटांच्या डब्यात जपत.

"लोकं दागिने जमवतात, अन् आमचे मियाँ दुसऱ्याचा खोकला जमवून राह्यले," त्यांच्या बेगम शमसुन्निसा म्हणायच्या.

"गाणं तं बाजारात भेटते, बेगम. एवढा मोठा माणूस चुकते कसा, हे कुठं भेटते?"

जफरमियाँनी माझ्या पाठीवरची चिमुकली पट्टी मोडली. तिथं भोक पडलं, की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. ते भोक म्हणजे माझं कुलूप! पुढं खेमसिंग वारले. आता ते कडवं जगात फक्त माझ्याजवळ उरलं.

त्या वर्षी कापसाचा भाव पडला होता, बोंडअळीनं शेतं पोखरली होती. एक बियाणेवाला दुकानात आला. ऑटोवरच्या भोंग्यासाठी जाहिरात हवी होती, तीही लगेच. जफरमियाँ जेवायला गेले होते. दुकानात होता त्यांचा मेहुणा इम्तियाज. कोरी कॅसेट संपलेली. त्यानं डब्यातून मलाच उचललं, आणि टेप पुसायला ठेवलेल्या कापसाचा बोळा माझ्या भोकात कोंबला! बघा मित्रांनो, कापसाचं गाणं पुसायला कापूसच! माझ्या अंगावर बियाणेवाला ओरडू लागला, "अळीला रामराम! उत्पन्न दुप्पट!"

जफरमियाँ परतले तेव्हा मी बियाणेवाल्यानं ठरवलेल्या अमरसिंगच्या ऑटोत बसून कापूस बाजारात पोचले होते.

"दुल्हाभाई, कायले चिडता? खोकलाच तर होता तिच्यात!" इम्तियाज म्हणाला.

"खोकला? त्याच्यामागं माणूस होता, बेअक्कल!" असं म्हणून जफरमियाँनी सायकल हाणली.

बाजारात अमरसिंग भोंगा चालू ठेवूनच चहाला गेला होता. जाहिरात संपली. खरखर झाली. आणि भोंग्यातून खेमसिंग गाऊ लागले : "मंग काट्यावर पाय काहून ठेवता?"

सारा बाजार थबकला. बियाणेवाला धावत आला. "बंद कर बे ते!"

"थांबा ना साहेब, आयकू द्या," अमरसिंग चहाचा कप हातात धरून म्हणाला.

तेवढ्यात काट्याजवळच्या व्यापाऱ्यानं हळूच पाय मागं घेतला. देवळाचे वेढे मी फुगवून सांगितले असतील, हे नाही.

जफरमियाँ घामाघूम उभे होते. कडवं संपल्यावर त्यांनी मला काढलं आणि नखानं तो बोळा उपसून फेकला.

कडवं वाचलं. पण जाहिरातीखाली पहिली तीन कडवी पुसली गेली, त्यांच्यासोबत शाहिरांचा खोकला गेला, पेटीवाल्याला मारलेली हाक गेली. पहिली तीन कडवी आजही बाजारात मिळतील, तो खोकला कुठंच मिळायचा नाही. त्याचा राग मी अजून गिळलेला नाही. म्हणून सांगते मित्रांनो, माझ्यासारखी एखादी जुनी कॅसेट घरात सापडली, तर तिच्या पाठीवरचं भोक बुजवू नका. कुणीतरी ते मुद्दाम पाडलेलं असतं. आधी तिला शेवटपर्यंत ऐका, खोकल्यासकट.